वस्तीच्या गाडीचं तिसरं कडवं

रत्नागिरी,
१४ नोव्हेंबर

प्रिय अपूर्वा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगते की सगळं ठीक आहे. परवा फोनवर म्हणाले तसंच. सूरज पुण्याहून दर रविवारी फोन करतो. शाळेच्या ऑफिसात मी जायला लागले आहे. पाऊस संपल्यावर कलमांखालचं गवत काढून घेतलं. तुझा दादा जाऊन चार महिने होतील, आणि ही सगळी कामं मी नीट करते आहे. फक्त एक गोष्ट विचारायची आहे आणि ती फोनवर विचारता येईना. ऑफिसातल्या पत्रांपलीकडे मला लिहायची सवय नाही, तेव्हा मागचं पुढे झालं तर समजून घे.

गोष्ट ह्यांच्या गाण्याची आहे. दिवाळीच्या आधी मुंबईहून शुभंकर नावाच्या मुलाचा फोन आला. त्याचा बँड आहे. त्यांना ‘वस्तीची गाडी’ रेकॉर्ड करायचं आहे, आणि ते भजन किंवा लग्नातल्या नाचाचं गाणं म्हणून नाही, तर मुळात होतं तसं, गिटार आणि ड्रमवर. शब्द आणि चाल सलिल यांची, असं स्पष्ट लिहिणार म्हणाला. मला बरं वाटलं. मग म्हणाला, “काकू, पहिली दोन कडवी सगळीकडे सारखी आहेत, पण तिसरं प्रत्येकाचं वेगळंच आहे. आम्हाला काकांचं तिसरं कडवं हवंय. ते मिळालं नाही तर दोन कडव्यांवरच थांबू, पण मग गाणं पोचतच नाही हो कुठे.” मी म्हटलं, बघते. नोव्हेंबरअखेरपर्यंत कळवते. फोन ठेवला आणि लक्षात आलं की मला ते माहीत नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी ते गाणं घरात एकदाही म्हटलं नव्हतं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं ते आमच्याच लग्नात, मंडणगडला. वरातीत बँडवाल्यांनी वाजवलं. नुसती चाल, आणि तीही इतकी जलद की माझे मामा फेटा धरून नाचत होते. मला वाटलं, असेल कुठल्यातरी सिनेमातलं. हे माझ्या शेजारी उभे राहून हसत होते. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “काही नाही, ट्रंपेटवाला चुकतोय.” ते गाणं ह्यांचं आहे हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही ह्यांचे कॉलेजातले मित्र रूपेशभावजी यांच्या तोंडून. मी रागावले होते. हे म्हणाले, “अगं, त्यात काय सांगायचं? सगळं गाव म्हणतंच आहे.”

कॉलेजच्या गॅदरिंगची हकीकत तू तिथे होतीस म्हणून तुला ठाऊक आहे, पण मी ऐकलेली सांगते, कारण तिथूनच माझा गोंधळ सुरू होतो. ह्यांच्या बँडचं नाव ‘जांभा’. ह्यांची गिटार, रूपेशभावजींचे ड्रम, आणि तो मोठा अॅम्प्लिफायर ह्यांनी घरीच बनवलेला. गाणं साधं. मुलगा थांब्यावर पोचतो आणि गावात रात्रीच्या मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाते. ‘वस्तीची गाडी गेली रे गेली, लाल धूळ तेवढी मागे ठेवली.’ पहिल्या कडव्यात तो गाडीला हाका मारतो. दुसऱ्या कडव्यात तो सड्यावरून चालत निघतो, आणि कातळावर स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून त्याला वाटतं की कुणी मागून येतंय. आणि तिसऱ्या कडव्याआधी वीज गेली. कुणी म्हणतं सगळ्या शहराची गेली, कुणी म्हणतं त्या घरगुती अॅम्प्लिफायरने हॉलचा फ्यूज उडवला. रूपेशभावजी शपथेवर पहिलं सांगतात, आणि हे हसून दुसरं सांगायचे. अंधारात पोरांनी बाकं बडवत धृपद चालूच ठेवलं आणि गाणं गाजलं ते त्याच्यामुळे. पण तिसरं कडवं कुणाच्याच कानावर पडलं नाही, आणि ज्याने त्याने आपापलं घातलं.

मी आता एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखी सगळी तिसरी कडवी गोळा केली आहेत. हसू नकोस. लांज्याच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी सगळ्यात आधी घेतलं. त्यांच्यात मुलगा घाम पुसत चालत असताना गाडी पुढच्या वळणावर पंक्चर होऊन उभी असते, आणि खिडकीत एक मुलगी. मग डेपोतल्या सत्यनारायणाला ड्रायव्हर-कंडक्टरांनी म्हणायला घेतलं. त्यांच्या तिसऱ्या कडव्यात ड्रायव्हर उलट त्या मुलालाच झापतो की मी हॉर्न वाजवून दमलो, तू टपरीवर भजी खात बसला होतास. हे कडवं ह्यांना फार आवडायचं. डेपोवरून जाताना म्हणायचे की ड्रायव्हरांचंच बरोबर आहे, पोरगा वेळेवर आला असता तर गाणं झालंच नसतं. मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना गाडीत म्हणायला घेतलं, आणि त्यांच्यात ती गाडी चुकतच नाही. तिसऱ्या कडव्यात सगळे पोचतात, आणि गावातली कुत्रीसुद्धा ओळखतात. आमच्या शाळेतल्या बाईंनी स्नेहसंमेलनात त्यात सार्वजनिक वाहतुकीचं महत्त्व घातलं. त्या दिवशी हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, “अहो, तुम्हाला काहीच वाटत नाही?” तर म्हणाले, “मालू, मुलं किती सुरात होती बघ.”

मासळीवाल्या हौसाबाईला तू ओळखतेस. परवा दारात टोपली उतरवून बांगडे मोजता मोजता तेच गुणगुणत होती. मी विचारलं, हे गाणं कुणाचं? तर म्हणाली, “कुणाचं म्हंजे? आमच्या आयशीचं. ती जाळी विणताना म्हणायची.” मी म्हटलं, अगं, ते आमच्या ह्यांनी केलंय, कॉलेजात असताना. तर हातातला बांगडा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “वयनी, तुमच्या घोवाचं ता? मग आमच्या आयशीला कुणी शिकवलान?” तिची आई जाऊन किती वर्षं झाली हेसुद्धा तिला नक्की सांगता येत नाही, म्हणजे हिशेब लावायलाही मार्ग नाही. तिच्या तिसऱ्या कडव्यात तो मुलगा खाडीपर्यंत येतो, तर पलीकडे नेणारी होडीसुद्धा सुटलेली असते. जाता जाता दोन बांगडे जास्तीचे टाकून गेली. म्हणाली, “र्‍हाऊदे, गाण्याचे.” ते गाण्याचे म्हणजे कोणाला, ह्यांना की तिच्या आईला, ते मला समजलं नाही.

आणि गुणाजीबुवांचं भजन. ते तर तू इथेच ऐकलंस. ह्यांच्या दिवसांत संध्याकाळी भजनी मंडळ आलं होतं. अभंग झाले आणि गजर सुरू झाला, आणि पहिल्या ओळीतच माझ्या हातातली वात थांबली. चाल वस्तीच्या गाडीचीच, पण नाव गजाननाचं. ज्यांच्यासाठी भजन चाललं होतं त्यांचीच ती चाल आहे, हे त्या मंडळींपैकी एकालाही माहीत नव्हतं. फोटोसमोर बसून ती माणसं ह्यांचंच गाणं ह्यांना ऐकवत होती. मला रडू येतंय की हसू, ते कळत नव्हतं. आजूबाजूच्या बायकांना वाटलं मी रडतेय, म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला. बुवांकडे मी मागच्या आठवड्यात जाऊन आले. सांगितलं तर दोन्ही कान धरून खाली बसले. मग म्हणाले, “ताई, आमी चाल विचारून घेत नाय. कानावर आली, बरी वाटली की नामाला लावतो. ह्यात अपमान धरू नका, ज्याची चाल घेतो त्याचं पुण्यच होतं.” त्यांच्या तिसऱ्या कडव्यात गजानन स्वतः घंटी मारून गाडी थांबवतो. मी त्यांना विचारलं, मूळचं तिसरं कधी ऐकलंत का? म्हणाले, “म्हंजे हे मूळ नाय?”

इतकं सगळं ऐकल्यावर मला वाटायला लागलं की मूळ म्हणून काही नसेलच. ह्यांनी दोनच कडवी केली असतील, वीज गेली आणि सुटका झाली असेल. सूरज तर म्हणाला, “आई, तूच लिहून टाक चार ओळी. कोण बघतंय?” मी त्याला ओरडले नाही, पण त्यानंतर दोन रविवार आमचं बोलणं जरा तुटकच झालं. त्याचं तरी काय चुकलं? ज्या गाण्यात सगळ्या जिल्ह्याने हात घातला त्यात त्याच्या आईने घातला तर काय बिघडतं? हेही मला नीट सांगता येत नाही. पण मग मी रूपेशभावजींकडे गेले.

ते हल्ली दुपारी मिरकरवाड्याला जेटीवरच असतात. दोन बोटी आहेत आता. मला बघून उठले, खुर्ची पुसली, चहा मागवला. हे गेल्यापासून माझ्याशी बोलताना ते खाली बघतात. मी सरळच विचारलं. म्हणाले, “होतं ना वहिनी, तिसरं कडवं होतं. पण सल्यान आम्हाला दिलान कुठे? प्रॅक्टिसला म्हणायचा, दुसरं झालं की तुम्ही नुसता ठेका धरा, मी ऐनवेळी म्हणतो.” मी विचारलं, मग वीज गेल्यावर? तर म्हणाले, “म्हटलान की तेव्हा. माईक बंद, पोरं बोंबलतायत, आणि हा डोळे मिटून म्हणतोय. मी दोन हातांवर होतो, पण माझे ड्रम चालू. ओठ हलताना दिसले ते दिसले. नंतर विचारलं तर म्हणाला, झालं म्हणून.” मग म्हणाले, “मी मुद्दाम विचारलं नाय पुन्हा. वाटलं, सांगेल कधीतरी.” आणि उठून बर्फाच्या गाडीवाल्यावर विनाकारण ओरडायला गेले.

म्हणजे कडवं होतं. त्यांनी ते म्हटलंही, आणि कुणी ऐकलं नाही. घरात कागद शोधायचा प्रश्नच नव्हता, हे कधी काही लिहून ठेवत नसत, वाण्याची यादीसुद्धा तोंडीच. तेव्हा मला एक आठवलं. सूरज लहान असताना एकदा कुणीतरी पाहुण्यांनी ह्यांना आग्रह केला होता की गाणं म्हणा, तर हे टाळत टाळत म्हणाले होते, “पहिल्याच श्रोत्याने नाक मुरडलं, तेव्हापासून धीर नाही.” नंतर मी विचारलं, कोण तो? तर म्हणाले, “अपू. पंधरा वर्षांची होती. मागच्या पडवीत बसून तिला तिन्ही कडवी म्हणून दाखवली. दोन आवडली. तिसऱ्याला म्हणाली, ‘शी दादा, हे काय रडकं!’” आणि हसले. मी तेव्हा तुझी बाजू घेतली होती की लहान होती बिचारी. विसरूनही गेले होते.

तेव्हा अपूर्वा, ते कडवं ऐकलेली तू एकटीच उरलीस. आणि भजनाच्या दिवशी बुवांनी तिसरं कडवं उचललं तेव्हा तू उठून आत स्वयंपाकघरात गेलीस. सगळ्यांना वाटलं तू चहाचं बघायला गेलीस. मीही तसंच धरून चालले. पण चहा आधीच उतरवलेला होता.

तुला वाटेल, एवढंच आहे तर फोन का नाही केला? बँडला कडवं हवंय, ते तुला माहीत आहे, सांग आणि मोकळी हो. पण मला शुभंकरसाठी विचारायचं नाहीये. रूपेशभावजींकडून परत येताना मला एक वेगळीच शंका आली आणि तेव्हापासून ती जात नाही. फोनवर तू क्षणभर जरी गप्प राहिली असतीस तरी मी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसले असते. म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी ह्यांना अॅम्ब्युलन्समधून कोल्हापूरला नेताना रूपेशभावजी पुढे ड्रायव्हरशेजारी होते आणि मागे ह्यांच्याजवळ मी आणि तो अटेंडंट. तुला मी तेव्हा सांगितलं की हे वाटेत काही बोलले नाहीत. ते मी सगळ्यांनाच सांगितलं, कारण जे बोलले त्याचा अर्थ मला लागला नव्हता आणि लोकांनी तो लावत बसावं असं मला वाटत नव्हतं. साखरपा मागे पडलं होतं, घाट लागायचा होता. पाऊस इतका होता की काचेतून काही दिसत नव्हतं. ह्यांनी तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “दार नुसतं लोटून घे. मी बाहेरच आहे.” अगदी स्वच्छ शब्द. पण एका दमात नाही, मध्ये थांबून थांबून. ती धाप होती की ठेका होता, ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटलं गाडीच्या दारातून वारा लागतोय. मी म्हटलं, “अहो, दार बंदच आहे, तुम्ही पडून राहा.” अटेंडंटने मास्क परत लावला. त्यानंतर हे बोलले नाहीत. अपूर्वा, मला फक्त एवढंच सांग की ह्या ओळी त्या कडव्यात होत्या का. चालत निघालेला तो मुलगा शेवटी घरी पोचतो आणि दाराबाहेरून हे म्हणतो का? असेल, तर हे त्या वेळी आपलं गाणं पुरं करत होते, मी समोर होते म्हणून माझ्याकडे बघत होते, आणि ते कडवं शुभंकरला द्यायला हवं. नसेल, तर ते मला म्हणाले, आणि मग ते मी कुणालाच देणार नाही. दोन्हींतलं कुठलं खरं निघावं असं मला वाटतं, हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज उत्तर बदलतं. तेव्हा तू माझ्या मनाचा विचार करू नकोस. होतं तर होतं लिही, नव्हतं तर नव्हतं. आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिही, पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मी ह्यांना ‘दार बंदच आहे’ असं उत्तर दिलं आहे, आणि कशाला दिलं ते मला माहीत असायला हवं.

घाई करू नकोस म्हणणार होते, पण कर.

तुझीच,
मालिनीवहिनी